थांबू शकणारे चाक : पाणचक्की आणि आजची चलशिल्पे

आमच्या घरची पिठाची गिरणी होती. जुन्या शहरात, एका बोळाच्या तोंडाशी. वडील ठरावीक दिवसांनी वरचा दगड उतरवायचे आणि छिन्नी-हातोडी घेऊन त्याला टाकी लावत बसायचे. दगड गुळगुळीत झाला की धान्य नीट दळले जात नाही, चिरडले जाते आणि पीठ गरम येते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होते. त्यामुळे पाचवीत असताना शाळेने आम्हाला रांगेने पाणचक्की दाखवायला नेले, तेव्हा इतर मुले हौदातली कारंजी बघत होती आणि मी फिरणाऱ्या दगडाकडे. आमच्या दगडाला पट्टा होता, पट्ट्याला मोटर होती आणि मोटरमुळे दर महिन्याला घरात विजेच्या बिलावरून बोलणी व्हायची. इथे पट्टा नाही, मोटर नाही, आवाजही जवळजवळ नाही. संध्याकाळी मी वडिलांना विचारले, "अण्णा, तिथलं लाइट बिल कोण भरतं?"

पीठ झाडता झाडता ते म्हणाले, "डोंगर भरतो."

या उत्तराचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षे गेली. मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि अभियंताही नाही. आधी गिरणी, मग चिकलठाण्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागातली नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी ग्रंथालय, जुने गॅझेटिअर आणि नहरींच्या कडेने पायपीट, एवढेच माझे शिक्षण. पाणचक्कीच्या इतिहासावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला इथे तिच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. सार्वजनिक जागेत, सगळ्यांसमोर, निसर्गाच्या बळावर हलणारी रचना म्हणून. अशा रचना आज जगभर नव्याने उभ्या राहत आहेत. आपल्या शहरांतल्या चौकांतही हलती शिल्पे दिसू लागली आहेत. ती कशी असावीत, हे ठरवताना दारातले हे तीन शतकांचे उदाहरण आपण विचारातच घेत नाही, ही माझी तक्रार आहे. तिच्यात माझी स्वतःची एक चूकही मिसळलेली आहे. ती शेवटी सांगतो.

भिंगरी आणि देखावा

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्थिर वस्तू येते. आमच्या जिल्ह्यातले वेरूळचे कैलास लेणे बाराशे वर्षांहून अधिक काळ जागचे हललेले नाही आणि तेच त्याचे वैभव. विसाव्या शतकात मात्र काही कलावंतांनी दगड, धातू यांच्याइतकेच हालचालीला शिल्पाचे द्रव्य मानले. या प्रकाराला कायनेटिक आर्ट म्हणतात. मी त्याला चलशिल्प म्हणतो. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर तारांना टांगलेले पत्र्याचे तुकडे हवेच्या झुळकीवर डोलू देई. त्याच्या हलत्या कृतींना १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँ याने 'मोबाइल' असे नाव सुचवले. हाच काल्डर १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून अहमदाबादला आला आणि तिथे राहून त्याने काही कृती घडवल्या.

पण मराठी माणसाला चलशिल्प समजावून सांगायला काल्डरची गरज नाही. गणेशोत्सवातले हलते देखावे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. राक्षसाचा हात वर जातो, देवीची तलवार खाली येते, गर्दी पुढे सरकते. आणि त्याहून जुनी आहे ती जत्रेतली कागदाची भिंगरी. या दोहोंत एक फरक आहे, आणि माझा सगळा लेख त्या फरकावर उभा आहे. देखाव्याच्या पडद्यामागे मोटर असते. वीज आहे तोवर राक्षसाचा हात एकाच लयीत वर-खाली होणार, बाहेर पाऊस असो की ऊन. भिंगरीच्या मागे काहीच नसते. वारा आला तर ती फिरते, पडला तर थांबते. भिंगरी हाती धरलेल्या मुलाला वारा कुठून येतो आहे हे आपोआप कळते. देखावा पाहणाऱ्याला मोटर कुठे आहे हे कळू नये, अशीच व्यवस्था असते.

दोन्ही गोष्टींना माझ्या मनात जागा आहे. पण 'निसर्गप्रेरित' आणि 'पर्यावरणस्नेही' ही विशेषणे लावून जेव्हा एखादे हलते शिल्प चौकात उभे राहते, तेव्हा ते भिंगरीच्या कुळातले आहे की देखाव्याच्या, हे विचारायला हवे.

डोंगरातून दगडापर्यंत

आता पाणचक्की. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते शहर १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी वसवले. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पठारावर राजधानी करायची तर पाण्याची सोय आधी हवी. त्याने भूमिगत नहर काढली. तीच नहर-ए-अंबरी. इराणातल्या कनातींशी नाते सांगणारी ही विद्या दख्खनच्या मातीत रुजलेली होती. बिदरचे कारेझ आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही तिचीच भावंडे. मलिक अंबरनंतरही शहरात नहरी निघत राहिल्या. त्यांतलीच एक पाणचक्कीची.

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्याला लागून, बाबाशाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे नक्षबंदी सूफी बुखाऱ्याजवळच्या गुजदवानचे. त्यांच्या आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांच्या आठवणी शिष्य शाह महमूद यांनी फारसीत नोंदवल्या. सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्यांचे इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध केले. दर्ग्याच्या आवारातली बरीचशी बांधकामे तुर्कताज खान या सरदाराच्या नावावर आहेत. समोरचा लांबट हौद आणि कारंजी जमील बेग खानाची. १८८४ चे गॅझेटिअर या कामांची सुरुवात १६९५ च्या आसपास धरते. पाणचक्कीसाठी १७४४ हे वर्ष सर्वसाधारणपणे सांगितले जाते. म्हणजे हे एका माणसाने एका झपाट्यात केलेले काम नाही. पन्नासेक वर्षे ते वाढत गेले.

पाणी येते शहराच्या उत्तरेच्या डोंगरांतून. आपला बेसॉल्ट वरून कोरडा दिसतो, पण त्याच्या फुटलेल्या, सच्छिद्र थरांत पावसाचे पाणी मुरते आणि उताराने हळूहळू पाझरत राहते. हा पाझर गोळा करून मातीच्या भाजलेल्या नळांतून जमिनीखालून आणला. वाटेत आणि शेवटी मनोरे उभारले. पुण्याच्या वाचकांना कात्रजच्या नळाचे उच्छ्वास माहीत असतील. साधारण तेच काम हे मनोरे करतात. नळात अडकलेली हवा सोडतात आणि दाब सांभाळतात. बंद नळातले पाणी आपल्या उगमाच्या पातळीकडे चढू पाहते. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल-पाइपमध्ये दोन्ही टोकांचे पाणी सारखे होते, तसेच. त्यामुळे सखल भागातून आलेले पाणी पाणचक्कीजवळ पुन्हा उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते आणि तिथून खाली सोडले जाते. कुठे पंप नाही. डोंगराने जेवढी उंची दिली, त्यातली वाटेतली घट सोडून उरलेली इथे खर्च होते.

पाण्याच्या पडत्या धारेने पाती फिरतात, पात्यांच्या दांड्यावर वरचा दगड फिरतो, खालचा स्थिर राहतो. हिमालयातल्या घराटांचे तत्त्व हेच. याचे बळ किती, हे गिरणीवाल्याच्या पोराला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. उदाहरणादाखल, सेकंदाला १० लिटर पाणी ५ मीटर उंचीवरून पडले तर सुमारे ४९० वॅट शक्ती मिळते. निम्मी शिंतोड्यांत आणि घर्षणात गेली असे धरू. उरली २४५ वॅट. माणूस सलग काम करताना साधारण ५० ते ७५ वॅट देतो. म्हणजे अशी धार तीन ते पाच जणींचे काम करील, न थकता, रात्रीसुद्धा. आमच्या गिरणीची मोटर साडेसात अश्वशक्तीची, म्हणजे जवळपास ५,६०० वॅटची होती. तिच्यापुढे ही धार किरकोळ. पण सावकाश फिरणाऱ्या दगडातून पीठ थंड निघते, हे वडिलांनी न मोजताच सांगितले असते.

एकाच पाण्याची अनेक कामे

पाणचक्कीला शिल्प म्हणणे काहींना खटकेल. ती दळण्यासाठी बांधली, पाहण्यासाठी नाही, असे ते म्हणतील. दळण्यासाठी बांधली हे खरेच आहे. दर्ग्यात मुक्कामाला येणारे फकीर, वाटसरू, विद्यार्थी आणि छावणीचे शिपाई यांच्यासाठी इथे पीठ निघे. घरोघरी हे काम पहाटे उठून बायका करत. जात्यावरच्या ओव्यांचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण ज्या पहाटे ओवी सुचत होती त्याच पहाटे खांदे भरून येत होते. पाण्याने दगड फिरवला म्हणजे काही जणींच्या खांद्यांवरचा भार उतरला.

पण नुसते दळायचे असते, तर आडोशाला एक खोली पुरली असती. इथे तसे केलेले नाही. पाणी उंच भिंतीवरून सगळ्यांना दिसेल असे पडते. मशिदीसमोरचा हौद भरते. या हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत, जाड खांबांवर पेललेले. डोक्यावर पाणी असल्याने उन्हाळ्यात ते दालन गार राहते. शेवटी उरलेले पाणी खाम नदीला मिळते. शेजारी जुना वड आहे. पडणे, फिरवणे, भरणे, गारवा देणे आणि वाहून जाणे अशी कामे एकाच पाण्याने, एकापाठोपाठ केली आहेत, आणि ती लोकांच्या डोळ्यांसमोर घडतील अशी मांडणी केली आहे. उपयोग आणि देखणेपणा वेगळे काढता येत नाहीत अशी ही रचना आहे. तिला यंत्र म्हणा, वास्तू म्हणा. मला शिल्प म्हणायला संकोच वाटत नाही. १२०६ मध्ये पूर्ण झालेल्या अल-जझारीच्या यंत्रग्रंथात पाण्याच्या बळावर हलणारे हत्तीचे घड्याळ आहे. त्या परंपरेत यंत्र आणि नवल या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

वाऱ्यावर चालणारे सांगाडे

आज निसर्गाच्या बळावर हलणारी शिल्पे करणाऱ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो नेदरलँड्सचा थिओ यान्सन. भौतिकशास्त्र शिकता शिकता तो चित्रकलेकडे वळला. समुद्र वाढला तर सखल देशाचे काय होणार, या चिंतेतून त्याला कल्पना सुचली की वाऱ्याच्या बळावर किनाऱ्यावर फिरणारे आणि वाळूचे ढिगारे उंच करणारे प्राणी बनवावेत. १९९० पासून तो विजेच्या वायरिंगला वापरतात त्या पिवळट प्लास्टिकच्या नळ्यांचे सांगाडे बनवतो आहे. त्यांना अनेक पाय असतात आणि वारा लागला की ते खरोखर चालतात. वाळूचे बांध काही त्यांनी घातले नाहीत. पण वारा किती बळकट आहे आणि समुद्र किती जवळ आहे, हे त्यांनी हजारो लोकांना दाखवले.

जॅनेट एकलमन या अमेरिकन कलावतीची गोष्ट तर आपल्याच किनाऱ्यावर घडली. १९९७ मध्ये ती महाबलिपुरमला प्रदर्शनासाठी आली, पण तिचे रंग वेळेवर पोहोचलेच नाहीत. संध्याकाळी कोळ्यांची वाळत घातलेली जाळी पाहताना तिला सुचले की आकार घडवायला जड द्रव्य लागत नाही. आज तिची प्रचंड जाळी अनेक शहरांच्या चौकांवर वाऱ्याने हेलकावे खातात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जाँ तँगलीचे १९७७ चे कारंजे आहे. जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरचे यंत्रभाग जोडून केलेली दहा विचित्र यंत्रे पाणी उडवत असतात. ती चालतात विजेवर, पण कडक थंडीत पाणी गोठते, यंत्रांवर बर्फ चढतो आणि लोक तेही पाहायला येतात. ऋतूने केलेला बदल तिथे बिघाड मानला जात नाही.

चौकातले झाड

काही वर्षांपूर्वी चौक-सुशोभनाच्या एका बैठकीला मला बोलावले होते. कुणी बोलावले हे महत्त्वाचे नाही. समोर चित्र ठेवले होते. स्टीलचे झाड, त्याची पाने फिरणारी, खाली रंगीत दिवे. पाने मोटरने फिरणार होती. मी सुचवले की पाने हलक्या पत्र्याची करा, चांगले बेअरिंग बसवा, वाऱ्यावर फिरू द्या. मोटर, वायर, बिल सगळेच वाचेल.

"आणि वारा पडला तर?" एकाने विचारले.

"तर थांबतील."

"मग लोक म्हणतील, बघा, बंद पडलं!"

सगळे हसले. मीही हसलो. मोटरचेच झाड उभे राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात मोटर जळाली. त्यानंतर पाने फिरली नाहीत. आता तिथे फलक लावतात.

म्हणजे थांबले तेही. फरक इतकाच की त्याच्या थांबण्यातून कुणालाच काही कळले नाही. मोटर जळाली की ठेकेदार गेला की बिल थकले, चौकातून जाणाऱ्याने काय समजायचे? वाऱ्याचे झाड थांबले असते तर वारा पडला आहे एवढे तरी कळले असते, आणि पुन्हा वारा सुटल्यावर ते आपले आपण फिरू लागले असते.

पत्र आणि वही

आता माझी चूक. दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात मी पाणचक्कीवर गेलो, तेव्हा भिंतीवरून धार नव्हती आणि दगड उभा होता. बाहेरगावचे एक कुटुंब निराश होऊन परत चालले होते. मला शरम वाटली. घरी येऊन मी एका कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले. बोअरचे पाणी हौदात सोडा, छोटा पंप बसवा, तेच पाणी फिरवत राहा, चाक बारमाही चालेल. पंपाची क्षमता आणि खर्च यांचा तक्ताही जोडला. देखभाल विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला थांबलेले यंत्र बघवत नाही, हे त्यामागचे खरे कारण.

पत्राचे उत्तर आले नाही. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत टँकर आला आणि मी बादल्या घेऊन रांगेत उभा राहिलो. आमचे शहर आज पाणी पिते ते मुख्यतः जायकवाडीचे. ते पन्नासेक किलोमीटरवरून आणि शंभर मीटरहून अधिक उंची चढवून आणावे लागते. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला कागदावरच पाव युनिटहून जास्त वीज लागते. पाइपातली आणि पंपातली घट धरली की आणखी. एवढे करूनही नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. नहरीचे पाणी उताराने आपल्या पायांनी येत होते. हे पाणी आपण खांद्यावर घालून चढवतो. रांगेत उभा असताना मला माझ्या तक्त्यातला दोष दिसला. शहर कोरडे असताना पाणचक्की पंपाने फिरवायची म्हणजे तिचा हलता देखावा करायचा. डोंगर बिल भरायचा थांबला आहे, एवढी एकच बातमी ते चाक देत होते आणि मी ती दाबायला निघालो होतो.

बेसॉल्टमधला पाझर सावकाश चालतो. आज पाती फिरवणारे पाणी कित्येक आठवड्यांपूर्वी, कधी महिन्यांपूर्वी मुरलेले असते. त्यामुळे चाकाची गती म्हणजे डोंगरात किती मुरले आणि वाटेत किती हरवले, याचा चालता-बोलता हिशेब असतो. उगमाकडच्या माळावर फरशी पडली, बोअर वाढल्या, पायासाठी खणताना मातीचा नळ फुटला, झाडाचे मूळ आत शिरले, की प्रत्येक गोष्ट शेवटी धारेत उतरते. पावसाळा संपता संपता धार जाड असते, चैत्र-वैशाखात ती बारीक होते, हे आपल्या निसर्गाला धरून आहे. पण भरल्या पावसानंतरही ती बारीकच राहिली, तर तो ऋतू नव्हे, ती इजा आहे. हा भेद करायचा तर चाकाला थांबण्याची मोकळीक हवी आणि आपल्याकडे नोंद हवी.

म्हणून मी वही सुरू केली. महिन्यातून दोनदा जातो. तारीख, धार जाड की बारीक, दगड एका मिनिटात किती फेरे घेतो, आदल्या पंधरवड्यात पाऊस किती. मोजायला घड्याळ आणि खडूची एक खूण पुरते. नहरीचा मार्ग जपणे, तो बांधकामांपासून मोकळा ठेवणे, मुरायची जमीन उघडी ठेवणे ही माझ्या एकट्याच्या आवाक्यातली कामे नाहीत. पण ती करणाऱ्यांना उद्या पुरावा लागेल, तेव्हा वही कामाला येईल. खाम नदी स्वच्छ करण्याचे काम गेल्या काही वर्षांत शहराने हाती घेतले आहे. त्याच नदीच्या काठचे हे चाक त्या कामाचेही एक मोजमाप ठरू शकेल.

आणि चौकांत नवी चलशिल्पे उभी करायचीच असतील, तर माझे म्हणणे एवढेच आहे की शिल्प फिरवणारे बळ जिथून येते, ती जागा पाहणाऱ्याला कळली पाहिजे. वाऱ्याचे असेल तर वाऱ्यावर सोडा, पाण्याचे असेल तर त्या पाण्याचा उगम फलकावर लिहा. दुरुस्तीसाठी गावातला लोहार किंवा फिटर पुरेल इतके ते साधे ठेवा. थांबले तर लगेच मोटर बसवू नका. आधी का थांबले ते विचारा.

वडील गेले, गिरणीही गेली. तिचा वरचा दगड मात्र मी दारात ठेवला आहे. परवा नातू त्यावर बसून विचारत होता, "आबा, हा फिरत का नाही?" त्याला घेऊन येत्या रविवारी पाणचक्कीवर जाणार आहे. खडू त्याच्याच हातात देईन. फेरे तो मोजेल, मी लिहून घेईन.